मूल वाढवायला जागा किती लागते?

मूल शाळेत जायच्या वयाचं झालं, की पुण्यातले आईबाप जागा बघायला लागतात. पेठेतच राहायचं, की लांब पण ऐसपैस घर घ्यायचं? माझी दोन्ही मुलं बुधवार पेठेत लहानाची मोठी झाली. त्यामुळे हा प्रश्न आमच्याही पंगतीला वर्षानुवर्षं जेवायला बसत होता.

पेठ सोडणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या. पुढे वाडे मोडकळीला आले, भावाभावांत खोल्या वाटल्या गेल्या. कोणी कोथरूडला गेलं, कोणी धनकवडीला. आमच्या नात्यातले बरेचजण कोंढव्याला गेले. तिथं मुलांना उजेड मिळाला, सायकल फिरवायला अंगण मिळालं. आमच्याकडे क्रिकेट बोळात, आणि चेंडू दुकानात शिरला की डाव संपला. गणपतीच्या दहा दिवसांत पाढे कानात बोटं घालून पाठ करायचे.

मग पेठेनं दिलं काय? एक तर अप्पा बळवंत चौक दिला. जूनमध्ये मागच्या इयत्तेची पुस्तकं विकून पुढच्या इयत्तेची जुनी पुस्तकं घासाघीस करून आणायची, हा व्यवहार माझी मुलं दहाव्या वर्षी आपापला करत. तुळशीबागेतला बांगडीवाला, दगडूशेठ गणपतीबाहेरची हारवाली, मशिदीतले मौलवीसाहेब, सगळ्यांना ती कोणाची हे ठाऊक. शाळा बुडवली, तर मुलगा घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली असे.

पण बुधवार पेठेची गोष्ट इथंच थांबवली, तर ती अर्धी राहील. याच पेठेतल्या काही गल्ल्यांत देहविक्रय करून जगणाऱ्या बायका राहतात. त्यांनाही मुलं आहेत. दिवेलागण झाली, की मूल रात्री ठेवायचं कुठं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. खोली एकच, आणि दारात गिऱ्हाईक उभं. अशा मुलांसाठीच ‘वंचित विकास’ या संस्थेनं लोहगावला ‘नीहार’ हे वसतिगृह सुरू केलं. काही जणी मूल गावाकडे आजीपाशी ठेवतात, महिन्याला पैसे धाडतात आणि सणासुदीला भेटतात. शहर बरं की गाव बरं, यावर त्या वाद घालत बसत नाहीत. मूल रात्रभर निर्धास्त झोपेल अशी जागा त्यांना हवी असते.

माझ्या मुलीच्या वर्गात अशी एक मुलगी होती. गणितात हुशार. दुपारी आमच्याकडे अभ्यासाला यायची, चहात पाव बुडवून खायची आणि अंधार पडायच्या आत रात्रीच्या पाळणाघरात जायची. काही पालकांनी शाळेला अर्ज लिहिला, या मुलांना वेगळं बसवा म्हणून. कागद माझ्याकडेही सहीला आला. मी सही केली नाही. घरातली वडीलधारी मंडळी म्हणाली, “पोरीसाठी तरी निघ इथनं.” पोरीनं मला विचारलं, “अब्बा, तिनं काय केलंय?” नव्या फ्लॅटची किल्ली हातात देऊन या प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं. अर्ज पुढे मुख्याध्यापिकाबाईंच्या खणात पडून राहिला आणि दोघी दहावीपर्यंत एका बाकावर बसल्या.

सर्वोच्च न्यायालयापुढे १९८९ मध्ये अशीच एक मागणी आली होती. वेश्यांच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढाव्यात, असं याचिकाकर्त्याचं म्हणणं होतं, आणि तेही त्या मुलांच्या भल्यासाठी. न्यायालयानं ते मानलं नाही. अशी मुलं वेगळी काढणं ना त्यांच्या हिताचं ना समाजाच्या, असं सांगितलं.

आमच्या पेठेला हे नवं नव्हतं. दगडूशेठच्या मंदिरासमोर भिडे वाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती तिथं. स्मारकासाठी २०२३ मध्ये तो वाडा पाडला. याच दांपत्यानं पुढे गंज पेठेतल्या स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. तिथं बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला. त्याच्या जन्मावरून लोक काय बोलत असतील, याची कल्पना करता येते. फुल्यांच्या घरात मात्र तो घरचा मुलगा होता.

तेव्हा घर कुठंही घ्या. पाणी बघा, मैदान बघा, शाळा किती लांब तेही बघा. आणखी एक बघा. आपल्या मुलाच्या शेजारी वर्गात कोणकोण बसतं आणि कोणाला बसू देत नाहीत? हे घराचा दलाल सांगत नाही. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटं उभं राहिलं, तर आपलं आपल्याला दिसतं.