मधल्या वयातलं शिक्षण आणि गटाचं कर्ज

करकंबहून आम्ही बोलतोय. आजचा विषय ऐकून एखादीचा हात रेडिओ बंद करायला जाईल, पण भाकरी थापता थापता का होईना, ऐका. विषय शिक्षणाचा आहे. पोरांच्या नाही, आपल्या. आणि तेही दहावी-बारावीचं नाही, पदवीच्या पुढचं.

आठ-दहा वर्षं काम केलेल्या माणसांसाठी मोठ्या विद्यापीठांत वेगळे अभ्यासक्रम असतात. त्यांना 'एक्झिक्युटिव्ह' म्हणतात. काम सोडायचं नाही, शनिवार-रविवारी शिकायचं, बरंचसं मोबाईल नाहीतर कॉम्प्युटरवर, थोडे दिवस प्रत्यक्ष जाऊन. त्यातला एक विषय असतो 'ग्लोबल अफेअर्स अँड मॅनेजमेंट', म्हणजे जगातल्या घडामोडी आणि व्यवस्थापन. आमच्या बैठकीत हे नाव निघालं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "जगाच्या उठाठेवीला फी कशाला? ती तर आपण फुकट करतो!" सगळ्या हसलो.

पण बघा. 2023 च्या डिसेंबरमध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती 2024 च्या मे महिन्यात उठली. मधल्या काळात सोलापूरच्या बाजारात कांदा घेऊन गेलेल्या घरांत काय चाललं होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. त्याच हंगामात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते म्हणून युरोपला जाणारी द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून गेली. दिवस वाढले, भाडं वाढलं. करकंबची बाजार आमटी सगळ्यांना माहीत, तिचा मसाला करून विकावा असं आमच्या दोन-तीन गटांच्या मनात आहे. आता 2024 च्या एप्रिलमध्येच हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतातले काही मसाले विकायला मनाई केली, त्यात इथिलीन ऑक्साइड नावाचं रसायन सापडलं म्हणून. हे कळलेली बाई मिरची कुठून घ्यायची, तपासणी कुठं करायची हे आधी विचारेल. न कळलेली बाई आधी पाकिटं छापेल. जगाच्या घडामोडी म्हणतात त्या ह्याच, आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या.

मधल्या वयात असं शिकायला गेलेलं आपल्या भागातलं माणूस म्हणजे चेतना गाला सिन्हा. पंढरपूरहून साताऱ्याकडे जाताना म्हसवड लागतं, सिद्धनाथाचं. तिथं त्यांनी 1997 साली माणदेशी महिला बँक काढली. आधी रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला होता, कारण बऱ्याच बायका अंगठा लावणाऱ्या होत्या. बायका मग अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करतो. ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. तिच्या पुढची कमी सांगितली जाते. बँक चालू झाल्यावर काही वर्षांनी चेतनाताई अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 'वर्ल्ड फेलो' म्हणून गेल्या. वेगवेगळ्या देशांत काम करत असलेल्या माणसांना तिथं काही महिने बोलावतात, शिकवतात आणि त्यांच्याकडून शिकतातही. परत आल्यावर 2006 साली म्हसवडला ग्रामीण बायकांसाठी बिझनेस स्कूल निघालं, पुढं ते बसमध्ये बसवून गावोगाव नेलं. येलमुळेच ते निघालं असं आम्ही म्हणणार नाही. पण बँक चालवणारी बाई विद्यार्थिनी होऊन बाकावर बसली आणि बँक काही बुडाली नाही, एवढं आम्ही बघितलंय.

त्याहून जुनं उदाहरण आहे, आणि ते आम्हाला जास्त विचार करायला लावतं. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले हे शाळेत शिकवतात. पण लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना 1917 साली परत यावं लागलं, मुदत संपली म्हणून. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून उसने घेतले आणि 1920 साली पुन्हा लंडनला गेले. तेव्हा वय 29, घरी बायको-मुलं. म्हणजे नोकरी करून, बचत करून, कर्ज काढून, संसारातून उठून घेतलेलं शिक्षण. आणि त्या तीन वर्षांत मुंबईत घर कुणी चालवलं? रमाबाईंनी, मोजक्या पैशात. पुरुष शिकायला गेला तर घर बाई धरते. बाई शिकायला बसली तर घर कुणी धरायचं, याचं उत्तर कुठल्या माहितीपत्रकात नसतं.

आता वाटा सांगतो. परदेशी जायच्या शिष्यवृत्त्यांत एक गंमत आहे. तिथं कामाची वर्षं अडचण नसते, अटच असते. ब्रिटन सरकारची चेव्हनिंग दोन वर्षांचा अनुभव मागते. अमेरिकेतल्या एमएसाठीची फुलब्राइट-नेहरू तीन वर्षांचा मागते. दोन्हींत फी आणि प्रवास त्यांचा, आणि शिकून आपल्या देशात परत यायचं हे कबूल करावं लागतं. फुलब्राइटला आपली तीन वर्षांची बीए एकटी चालत नाही, वर एमए किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर पदविका लागते. अनुसूचित जातीतल्या मुला-मुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पदव्युत्तरसाठी वय 35 पर्यंत, पीएचडीसाठी 40 पर्यंत. तेव्हा तेहतिशीतल्या मैत्रिणींनी "पोरगं दहावी झालं की बघू" म्हणू नये, तोवर दार बंद होईल.

आयआयएमचे एक्झिक्युटिव्ह वर्ग आता नागपूर-मुंबईतही आहेत, पण फी लाखांत जाते. कंपनी भरणार असेल तर ठीक. आपल्यासारखीला जवळची वाट नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची. 1989 सालचं सरकारी विद्यापीठ, व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, अभ्यासकेंद्रं जिल्ह्यात आहेत. मोबाईलवर "सहा महिन्यांत एमबीए" अशा जाहिराती येतात, त्यांना पैसे पाठवायच्या आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं, दोन्हींची नावं बघा. विद्यापीठ खरं आणि अभ्यासक्रमाला मान्यता नाही, असंही असतं.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आमच्या ग्रामसंघाकडे आलेला एक अर्ज. आमची एक मैत्रीण छत्तीस वर्षांची, बीकॉम. बारा गटांची पुस्तकं लिहिते, बँकेच्या साहेबाला व्याजाची चूक दाखवून देते. तिनं मुक्त विद्यापीठाच्या एमबीएच्या फीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. कर्जाचं कारण लिहायच्या रकान्यात आजवर म्हैस, शिलाई मशीन, दवाखाना, लग्न, पोराची फी असंच लिहिलं गेलंय. 'स्वतःची फी' पहिल्यांदाच आलं. खोलीत कुणी बोलेना. लग्नाला मागितलं असतं तर कुणी मान वर केली नसती!

मग बोलणं सुरू झालं. एकीनं विचारलं, म्हशीचं दूध दिसतं, हिच्या अभ्यासाचं काय दिसणार? दुसरीनं विचारलं, सासूबाई काय म्हणतात? त्यावर ती शांतपणे म्हणाली, "हप्ता माझ्या मानधनातून जाणार आहे, सासूबाईंच्या पिशवीतून नाही." खरा प्रश्न काढला तो आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सदस्येनं. शिकून ही पुण्याला गेली तर आपली पुस्तकं कोण लिहिणार? हा प्रश्न आम्हाला मत्सराचा वाटला नाही. बारा गटांचा हिशेब एका बाईच्या डोक्यात असणं हा गटाचाच धोका आहे, ती शिको न शिको.

दोन बैठका झाल्या. कर्ज मंजूर झालं, इतरांना आहे त्याच व्याजानं, सवलत नाही, कारण सवलत दिली की उपकार होतो. तिच्या हाताखाली दोघींनी पुस्तकं लिहायला शिकायचं ठरलं. परीक्षेच्या दिवसांत त्या दोघी काम बघतील, आणि तिच्या घरचा संध्याकाळचा स्वयंपाक शेजारच्या दोन घरांनी वाटून घ्यायचा. शेवटचं कलम इतिवृत्तात लिहावं की नाही यावर अर्धा तास गेला. लिहिलं. जुन्या सदस्येनं सही केली, पण "मला पटलेलं नाही" असं म्हणून. तेही लिहून घेतलं.

आता ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांच्यासाठी कामाचं. पुढच्या बैठकीला येताना दहावीपासूनच्या मूळ गुणपत्रिका आणा. आपल्या बहुतेकींच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या आणि आधार सासरच्या नावाचं असतं, प्रवेश तिथंच अडतो. विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. नसेल तर लग्न ज्या गावी झालं तिथल्या ग्रामपंचायतीत विचारा, आणि नावबदलाचं राजपत्र काढायला लागेल का ते विद्यापीठाच्या केंद्रात आधी विचारून घ्या, त्याला वेळ लागतो. फोटो दोन आणा. बैठक दुपारी आहे, तेव्हा जेवून या.