राखीव जमीन आणि नादारी
(हीरक महोत्सवी समारंभात माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



शाळेच्या सोहळ्यात शेतजमिनीचा विषय कशासाठी, असे आपणांस वाटेल. तो मला शाळेनेच दिला. येथे प्रवेश सर्वांना खुला होता. परंतु आमच्यापैकी कित्येकांच्या घरी फीपुरतेही पैसे नसत. नादारी मिळाली, म्हणून तो खुला प्रवेश खरा ठरला.

नोकरीनिमित्त पंजाबात हिंडताना मला या नादारीची वारंवार आठवण झाली. तेथे गावाच्या सामाईक जमिनीला ‘शामलात’ म्हणतात. १९६१ चा कायदा व त्याखालील नियम यांनुसार, पंचायत खंडाने देते त्या लागवडीच्या जमिनीपैकी एक तृतीयांश अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात या जातींचे प्रमाण सुमारे ३२ टक्के आहे. त्यांतील बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन आहेत.

मात्र खंड लिलावाने ठरतो. मोलमजुरी करणाऱ्याने एवढी रक्कम कोठून आणावी? मग बडा जमीनदार आपल्याच गड्याला बोली लावावयास पुढे करतो. कागदावर नाव गड्याचे, पैसा आणि पीक मालकाचे! स्वतःची जमीन नसल्याने वैरणीसाठी परक्याच्या बांधावर गेलेल्या स्त्रिया अपमान सोसून परततात. २०१४ मध्ये संगरूर जिल्ह्यातील बलद कलां येथील दलित कुटुंबांनी संघर्ष करून राखीव जमीन मिळवली आणि ती एकत्रितपणे कसली. परंतु दर लिलावाला नव्याने झगडायचे, तर हक्काला अर्थ तो काय?

खंड हे पंचायतीचे उत्पन्न आहे, तो घटल्यास गावची कामे अडतील, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. म्हणूनच गरिबांच्या गटांना ही जमीन माफक खंडाने, अनेक वर्षांच्या मुदतीने द्यावी आणि पंचायतीची तूट राज्याच्या तिजोरीने भरून काढावी. सार्वजनिक पैशाचे असे साहाय्य अपूर्व नाही. केरळात ‘कुटुंबश्री’च्या महिला गटांना खंडाच्या शेतीसाठी बँकेचे कर्ज व व्याजात सवलत मिळते.

आमची फी माफ झाली, तरी शिक्षकांचे वेतन थांबले नाही. तो भार समाजाने उचलला. त्याला आम्ही कधी भीक म्हटले नाही. भूमिहीनांसाठीही तोच न्याय असावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.