बोटीवर चढण्याआधी, सामानाकडे एक नजर

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो असो की मुंबईहून सुटणारी क्रूझ, बॅग भरताना थोडा विचार हवाच.

रायगडच्या किनाऱ्याने धोका जवळून पाहिला आहे. १९९३ मध्ये शेखाडीला स्फोटके उतरवली गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ बेवारस बोटीत रायफली सापडल्या. जगभरात जहाजे आणि बंदरांसाठीची सुरक्षा संहिता १ जुलै २००४ पासून लागू आहे. क्रूझवर जाताना एक्स-रे तपासणी होते, ती त्यामुळेच.

शस्त्रे आणि फटाके नेऊ नयेत, हे सर्वांना ठाऊक असते. विसर पडतो तो पेट्रोलच्या कॅनचा आणि गॅस सिलिंडरचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खालच्या डेकवर साचते आणि एका ठिणगीने भडकते. भर समुद्रात पळणार कुठे? म्हणूनच बहुतेक क्रूझवर इस्त्री आणि मेणबत्तीलाही मनाई असते.

नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. कंपनीगणिक नियम थोडे बदलतात, तेव्हा शंका असेल तर तिकीट काढतानाच विचारून घ्या.