कच्चे मडके



‘मला गर्व नाही,’ असे जो तो म्हणतो. मग हा गर्व राहतो तरी कुणाच्या घरी?

आपल्या रानातली भरलेली कणसे पाहून शेतकऱ्याची छाती फुगली, तर त्यात वाईट काही नाही. तो कष्टाचा आनंद. पण ‘मला आता कोण काय शिकवणार?’ असे तो म्हणू लागला, की ताठा आला म्हणून समजावे.

वारकरी एक गोष्ट सांगतात. संत नामदेव मोठे भक्त. विठ्ठल आपल्याशी बोलतो, मग आपल्याला आणखी काय हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. एकदा संतमंडळी जमली होती. मुक्ताबाई वयाने अगदी लहान. तिने गोरोबाकाकांना सांगितले, यांतली मडकी पक्की किती अन् कच्ची किती, ते पाहा. गोरोबा तेरचे कुंभार. त्यांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे गप्प बसले. नामदेवांना मात्र राग आला. गोरोबा म्हणाले, हे मडके कच्चे!

भाजलेले मडके वाजवले की खणखणते, कच्चे बद्द वाजते. कुंभाराला ते लगेच कळते.

नामदेव रागारागाने पंढरपूरला गेले. विठ्ठलापुढे गाऱ्हाणे मांडले. देव म्हणाला, गुरू कर. मग ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले. आम्हांला गोष्टीतला हाच भाग मोठा वाटतो. एवढा नावाजलेला माणूस, पण पुन्हा शिकायला बसला! पुढे ते पंजाबात गेले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

आम्ही उभी हयात शाळेत काढली. पोराला चुकले म्हणून सांगितले, तर ते पाटी पुसते आणि पुन्हा लिहिते. मोठ्या माणसाला सांगितले, तर तो पाटीच ठेवून देतो.

आता आपल्या वर्गाचे बघा. कुणाला सही करता येऊ लागली, की तो शेजारच्या अंगठेवाल्याला हसतो. हा एक ताठा. दुसरा याहून वाईट. ‘नातवाएवढ्या पोराकडून अक्षरे काय शिकायची?’ म्हणून काही जण दारातूनच परत जातात. लोक त्याला लाज म्हणतात. आम्ही ताठाच म्हणतो. बाजारात पावती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, कुणी वाचताना फसवले तरी कळत नाही, पण माणूस वर्गात बसत नाही.

असे कुणी तुमच्या आळीत असतील. उद्या येताना त्यांना सोबत आणा. वर्गात कुणी हसणार नाही, एवढे त्यांना सांगा. पाटी-पेन्सील आम्ही देऊ.