नित्यनेम आणि आत्म्याची वाढ



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवात आपण देवमंदिराची वर्षे मोजीत आहोत, आणि ते योग्यच आहे. परंतु देवमंदिराचे वय वाढले म्हणजे त्यात येणाऱ्या आत्म्यांची वाढ झालीच, असे मात्र होत नाही. संत लूक आपणांस सांगतो की, बाळ येशू शरीराने वाढत असता ज्ञानाने व कृपेनेही वाढत गेला. प्रत्यक्ष देवपुत्राने जी वाढ टाळली नाही, ती आपल्या ठायी होत आहे की नाही, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा, एवढ्याचसाठी मी आज हे चार शब्द बोलत आहे.

आपणांपैकी कित्येक घराणी, आज अहिल्यानगर म्हणविल्या जाणाऱ्या नगर जिल्ह्यातून, पोटापाण्यासाठी इकडे आली. गावी दिवेलागणीस शेजारच्या घरातून जपमाळेचा सूर कानी पडला की, आपल्याही घरात गुडघे आपोआप टेकत. तेथील नेम गावाने राखिला होता. वाघोली तर २०२१ साली पुणे महानगरपालिकेत सामील झाली. दगडखाणींच्या या गावात उंच इमारती उठल्या. कोणी दिवसपाळीस, कोणी रात्रपाळीस. एका घरातील चार माणसे चार वेळी जेवतात. येथे भिंतीपलीकडून जपमाळेचा सूर यावयाचा नाही. म्हणून गावाने राखलेला नेम येथे ज्याचा त्यानेच राखिला पाहिजे. नाही तर गावाहून बरोबर आणलेली श्रद्धा एका पिढीत सरेल, आणि आपल्या मुलांजवळ ख्रिस्ती नाव तेवढे उरेल, प्रार्थना उरणार नाही.

यावर काही प्रामाणिक माणसे विचारतात, "फादर, मन लागत नसता नुसत्या ओठांनी मणी ओढणे हे ढोंग नव्हे काय?" याचे उत्तर मी आविलाच्या संत तेरेजाच्या (१५१५–१५८२) आधारे देतो. आपल्या आत्मचरित्रात तिने प्रार्थनेला बागेची उपमा दिली आहे. बागेस पाणी चार प्रकारे मिळते: विहिरीतून हातांनी शेंदून, रहाटाने, ओढ्याच्या वाहत्या पाण्याने आणि पावसाने. शेंदण्यात श्रम फार व पाणी थोडे. पावसात आपले श्रम मुळीच नाहीत, सर्व देवाचे देणे. दुष्काळी मुलखातून आलेल्या आपणांस हे निराळे समजावून सांगावयास नको. पाऊस आपल्या हातचा नाही. पोहरा आपल्या हातचा आहे. विहीर आटलेली दिसत असताही जो पोहरा सोडतो, त्याला कोणी ढोंगी म्हणत नाही. त्याचा बागेवर जीव आहे, असेच म्हणतात. लोकांस दाखविण्यासाठी केलेली प्रार्थना हे ढोंग होय. मन लागावे म्हणून केलेली प्रार्थना ढोंग नव्हे.

आजाऱ्यांस पवित्र तेलाचा संस्कार देण्यास जातो तेव्हा मी पाहतो की, ज्यांना पोटच्या मुलांची नावेही आठवत नाहीत, अशा वृद्धांच्या ओठांवर नमो मारियेची प्रार्थना पूर्ण येते. ती काही त्या दिवशी पाठ केलेली नसते. चाळीस-पन्नास वर्षांच्या कोरड्या वाटलेल्या संध्याकाळी त्या घडीस त्यांच्या कामी येतात.

नेमाने काय टिकते, याचा दाखला आपल्या भाषेच्या इतिहासातही आहे. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्यास आले. जुनी पुराणे सोडलेल्या नवख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत वाचावयास काही हवे होते, म्हणून त्यांनी ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचिले. ते १६१६ साली छापले गेले, म्हणजे त्यांच्या आगमनास तोवर ३७ वर्षे झाली होती. पुढे १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले. मग १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढिला. त्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ मेला नाही. भाविकांनी तो हाताने उतरून घेतला, वाचिला, गायिला. आणि त्या हस्तलिखितांवरून तो १९०७ साली मंगळूर येथे पुनश्च छापला गेला. छापील कागद गेला. भक्तांचा नेम उरला, व त्या नेमाने ग्रंथ तारिला.

आता वाढ झाली हे ओळखावे कसे? डोळ्यांत अश्रू आले, अंगावर रोमांच उठले, यावरून नव्हे. स्टीफन्स ज्या येशूसंघाचे होते, त्याचा संस्थापक संत इग्नाती (१४९१–१५५६) याने रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या घालून दिल्या आहेत: प्रथम देवाचे उपकार मानावेत, मग आपले पाप ओळखण्यासाठी कृपा मागावी, मग दिवस तासातासाने तपासावा, क्षमा मागावी आणि उद्याचा निश्चय करावा. दहा मिनिटे पुरतात. महिनाभर असे केल्यावर पाहावे: रागाने निघालेला शब्द पूर्वीपेक्षा लवकर परत घेतला जातो काय? घेतलेले उसने वेळेवर फेडले जाते काय? ज्या भावाशी अबोला आहे, त्याच्या दारी जाण्यास पाऊल उचलते काय? उचलत असेल, तर बागेस पाणी पोहोचत आहे, मग प्रार्थना कितीही कोरडी वाटो.

म्हणून या महोत्सवाची भेट म्हणून प्रत्येक घराने एकच गोष्ट प्रभूस द्यावी, ती म्हणजे एक ठरलेली वेळ. रोज संपूर्ण जपमाळ न साधली, तर दहा मण्यांचे एकच रहस्य म्हणा. परंतु ते रोज म्हणा. पाळीमुळे सर्व एकत्र येत नसतील, तर जो घरी असेल त्याने गैरहजर असलेल्यांची नावे घेऊन म्हणावे. आठवड्यातून एकदा तरी सर्वांनी मिळून म्हणावे, आणि त्या दिवशी प्रारंभ लहान मुलाने करावा. आपल्यामागे ही बाग त्यालाच शिंपावयाची आहे.

पवित्र मारियेच्या मध्यस्थीने प्रभू येशू आपल्या घरांतील नेम दृढ करो, आणि यथाकाळ आपल्या कृपेचा पाऊस पाडो. आमेन.