गुणसूत्रांची ताटातूट

डाउन सिंड्रोम असलेलं मूल जन्मलं की आपल्याकडे आईची उलटतपासणी सुरू होते. दिवस गेले असताना काय खाल्लंस? ग्रहण पाळलंस का? खरं कारण यांतलं कुठलंच नाही. ते बहुतेकदा स्त्रीबीजात घडलेलं असतं, तेही बहुतेक वेळा गर्भ राहण्याआधीच.

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. स्त्रीबीज किंवा शुक्रपेशी घडताना त्या निम्म्या व्हाव्या लागतात, म्हणून पेशी दोनदा विभागते. आधी जोडीदार वेगळे होतात, मग प्रत्येक गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रती.

पण वेगळं होण्याआधी जोडीदार एकमेकांना बिलगतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि त्या जागी गुंतून राहतात. पेशीच्या दोन टोकांकडून आलेले तंतू त्यांना धरतात आणि रस्सीखेच सुरू होते. दोन्हीकडून ताण बसला तरच पकड पक्की होते; नाहीतर ती सुटते आणि तंतू पुन्हा धरू पाहतात. इतका वेळ जोडी टिकते ती कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांमुळे. ती तुटली की जोडीदार आपापल्या टोकाला जातात.

पुरुषात हे काम वयात आल्यावर सुरू होतं आणि चालूच राहतं. मुलीची बीजं मात्र ती आईच्या पोटात असतानाच जोड्या जुळवून थांबतात. चाळिसाव्या वर्षी बाहेर पडणारं बीज चाळीस वर्षांहून अधिक काळ तसंच थांबलेलं असतं! उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की कोहेसिनची कडी मधल्या काळात नव्याने बसत नाहीत. ती विरळ झाली की जोडी ढिली पडते आणि कधी दोघंही एकाच बाजूला जातात. हे एकविसाव्या जोडीत घडलं, तर बाळाच्या पेशीत एकविसावं गुणसूत्र तीनदा येतं; हाच डाउन सिंड्रोम. पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, जेरोम लजन आणि रेमाँ त्युरपँ यांनी १९५९ साली हे जादा गुणसूत्र जगापुढे मांडलं.

पंचविशीतल्या आईच्या बाबतीत ही शक्यता साधारण १२०० जन्मांत एक, तर चाळिशीत शंभरात एक. तरीही अशी बरीच मुलं तरुण आयांच्या पोटी येतात, कारण मुळात बाळंतपणंच त्या वयात जास्त होतात.

घरात असं बाळ आलं असेल तर त्याच्या गुणसूत्रांची तपासणी जरूर करून घ्या. थोड्या मुलांत जादा एकविसावं गुणसूत्र दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेलं आढळतं. तसं निघालं तर पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी आईबरोबर वडिलांचंही रक्त तपासावं लागतं.