टोपलीत भाकरी किती?



आज आपण लहान मुलांच्या आकड्यांच्या गाण्यांबद्दल बोलणार आहोत. गाणी आपल्याला येतात, ती शिकवायला आम्ही आलेलो नाही. गाणं म्हणताना हातात काय धरायचं आणि ते मुलांपुढं कसं करून दाखवायचं, एवढंच सांगायचं आहे. ऐकता ऐकता जमलं तर पाच वाट्या जवळ ओढून बसा.

आमच्या बचत गटातल्या बऱ्याच जणी सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागांत कामाला जातात. लेकरं सकाळी अंगणवाडीत आणि दुपारनंतर आजीपाशी. पाहुणे आले की घरोघरी एक कार्यक्रम ठरलेला असतो, "बाळा, एक ते वीस म्हणून दाखव." बाळ धडाधड म्हणतं, सगळे टाळ्या वाजवतात. आता त्याच बाळाला सांगून बघा, "जा, टोपलीतले चार कांदे आण." ते ओंजळभर कांदे आणतं. दोन असतील, सात असतील. मूल मठ्ठ नसतं हो. एक, दोन, तीन हे त्याच्यासाठी अजून गाण्याचे शब्द आहेत. एका शब्दाला एक कांदा, आणि शेवटी जो शब्द आला तेवढे सगळे मिळून कांदे, ही जोडणी व्हायची असते. ती नुसत्या तोंडानं होत नाही. त्याला वस्तू हातात घ्यावी लागते, उचलावी लागते, बाजूला ठेवावी लागते.

ही काही आमची अक्कल नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढं कोसबाडच्या टेकडीवर ते वाढलं. महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी खडे, शिंपले, पानं, फुलं, बिया घेतल्या. सरकारची अंगणवाडी 1975 साली आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आणि आज आपण बाजारातून आकड्यांचा प्लास्टिकचा तक्ता आणतो, भिंतीवर उंच टांगतो, लेकराचा हातसुद्धा तिथं पोचत नाही.

आमच्या गटानं गेल्या वर्षी एक गाणं रचलं. चाल तुम्ही कोणतीही लावा.

टोपलीत पाच भाकरी, गरम गरम फार,
आबांनी घेतली एक, राहिल्या चार.
टोपलीत चार भाकरी, मोजू पुन्हा नवीन,
आजीनं घेतली एक, राहिल्या तीन.
टोपलीत तीन भाकरी, बघत होतं कोण?
दादानं घेतली एक, राहिल्या दोन.
टोपलीत दोन भाकरी, पुढं आली लेक,
तिनं घेतली एक, राहिली एक.
टोपलीत एक भाकरी, गार झाली बाई,
बाबांनी ती उचलली, आता काही नाही!

भाकरी कशाच्या? डाळिंबाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या. ताटली उपडी ठेवून गोल आखायचा, कापायचा, कणकेच्या खळीनं वरून जुन्या धोतराचा तुकडा चिकटवायचा आणि उन्हात वाळवायचं. एक भाकरी मुलाच्या पंजाहून मोठीच हवी. टोपली घरातली. आबांची टोपी, आजीचा तारेचा चष्मा, दादाची पिशवी, लेकीच्या रिबिनी, बाबांचा गमछा. एवढ्यावर पाच मुलं पाच माणसं होतात. खर्च म्हणाल तर शिवणकाम करणाऱ्या बायकांकडच्या कातरणात आमचं सगळं भागलं.

आता करायचं कसं ते सांगतो, कारण खरी मेख तिथंच आहे. टोपलीवर पदर टाकून ठेवा. भाकरी आधीच दिसल्या की मुलं गाणं ऐकत नाहीत, टोपलीवर झेप घेतात. पदर काढला की पहिल्यांदा मोजणी. भाकरीला बोट लावायचं, तेव्हाच आकडा म्हणायचा. काही मुलांचं तोंड बोटाच्या पुढं पळतं, बोट दुसऱ्या भाकरीवर आणि तोंड चारवर. अशा मुलाला बोट लावायला सांगू नका, भाकरी उचलून दुसरीकडं ठेवायला सांगा. उचलायला वेळ लागतो, तोंड आपोआप थांबतं.

मग आबा येतात, भाकरी घेतात आणि लांब जाऊन बसतात. "राहिल्या" म्हटलं की गप्प बसा. अगदी गप्प. आपल्याला राहवत नाही, "चार, चार" असं तोंडातून निघतंच. त्या मोकळ्या जागेत मूल टोपलीत डोकावतं, ओठ हलवतं, मोजतं. सगळ्या गाण्याचं काम त्या घटकेत होतं. आकडा आपण सांगून टाकला तर मूल फक्त यमक पाठ करील. ते यमकावरून बोलतं की मोजून, हे बघायचं असेल तर मधेच दोन भाकरी काढून घ्या आणि गाणं तसंच पुढं न्या. मोजणारं मूल ओरडतं, "खोटं, खोटं!" तो ओरडा ऐकायला आम्हाला फार आवडतो.

शेवटी रिकामी टोपली सगळ्यांपुढून फिरवा. शून्य म्हणजे काय हे फळ्यावरच्या गोलापेक्षा रिकाम्या टोपलीत जास्त कळतं.

एकदा असंच झालं. टोपली फिरली आणि चार वर्षांच्या एका मुलीनं आत हात घालून चाचपलं. म्हणाली, "आन् आईला?" बसलेल्या बायका हसल्या, मग हसू थांबलं. त्या दिवशीची बैठक कर्जाच्या हप्त्यांची होती, ती राहिलीच. तरुण जणींनी सहावी भाकरी कापली आणि गाण्याच्या सुरुवातीला ओळी जोडल्या:

टोपलीत सहा भाकरी, पहिला घास हाच,
आईनं घेतली एक, राहिल्या पाच.

म्हाताऱ्या तयार होईनात. "आई कुठं आधी जेवती का? लेकराला खोटं शिकवू नका." त्यांचं म्हणणं, आईची भाकरी शेवटी ठेवा, निदान राहू तरी द्या. दोन बैठका वाद चालला. आता आमच्या एका वस्तीवर आई पहिली जेवते, दुसऱ्या वस्तीवर शेवटी. आमच्या मते पहिलीच जेवावी. तीन ते सहा वर्षांचं पोर रोज जे हातानं करतं ते त्याला जगाची रीत वाटतं.

एकच गाणं, एकाच वस्तू रोज घेऊ नका. नाहीतर "तीन" म्हणजे भाकरीच असं डोक्यात बसतं. कधी वाट्या घ्या, कधी बांगड्या, कधी मक्याची कणसं. भाकरी दाटीवाटीनं ठेवा, मग लांब लांब पसरा आणि विचारा, "आता जास्त झाल्या का?" लहान मुलं बेधडक "हो" म्हणतात. रागावू नका, पुन्हा मोजू द्या. तीन वर्षांच्या मुलाला तीन वस्तूच पुरेत. पाच, मग दहा, हे सावकाश.

एक गोष्ट मात्र ताकीद म्हणून सांगतो. मणी, बटणं, शेंगदाणे, चिंचोके अगदी लहान मुलांच्या हाती देऊ नका. नाकात जातात, घशात अडकतात. गुंजा, एरंडीच्या आणि धोतऱ्याच्या बिया तर घरात खेळायला आणूच नका. त्या विषारी आहेत. लाल-काळी गुंज दिसायला गोड, म्हणूनच मूल तोंडात घालतं.

"आम्हाला कुठं शाळा?" असं ज्या आज्या म्हणतात, त्यांना आमचं सांगणं आहे. तुम्ही गोवऱ्या मोजता, अंडी मोजता, विसाच्या हिशोबानं "तीन विसा" म्हणून रक्कम चोख सांगता. दुपारी नातवंडं तुमच्यापाशीच असतात. हे गाणं तुमच्याइतकं कोण रंगवील?

आता मुलांना रेडिओजवळ बसवा. डोळे मिटायला सांगा. आम्ही वाटीवर चमच्यानं टोले देतो. एका टोल्याला एक वाटी बाजूला ठेवायची. तोंडानं काही बोलायचं नाही.

(वाटीवर टोले)

उघडा डोळे. बाजूला किती वाट्या आहेत? आम्हाला सांगू नका, आजीला सांगा.